डिचोलीतलं घुमटाचं दुकान

आमच्या वाड्यावरच्या मुलांच्या आरतीपथकासाठी यंदा दोन नवीन घुमटं, म्हणजे तोंडावर कातडं ताणलेली मातीची वाद्यं, घेतली आणि जुन्या शामेळाचं (काठ्यांनी वाजवायच्या तालवाद्याचं) कातडं बदलून घेतलं. दोन्ही कामं गोव्यातल्या डिचोली बाजाराच्या मागच्या अंगाला एका बिनपाटीच्या दुकानात झाली. चतुर्थीच्या तोंडावर धावपळ करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

दुकान कसलं, घराची पुढची ओसरीच ती. भिंतीशी मातीची घुमटं ओळीने मांडलेली, काही कातडं चढवून सावलीत सुकत ठेवलेली. कारागीर काका सत्तरी ओलांडलेले. आत गेल्यावर किमतीचं बोलणं मागाहून. पहिला प्रश्न, "कित्याखातीर जाय?" म्हणजे कशासाठी हवंय: आरतीला, सुवारीला (घुमटांच्या सामूहिक वादनाला) की मांडोला, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या गाण्याला? आरतीत शामेळ आणि कासाळं (मोठ्या झांजा) दणदणत असतात, तिथे थाप खणखणीत हवी. मांडोला साथीला व्हायोलिन असतं. तिथे डाव्या हाताने मागचं तोंड झाकत-उघडत काढलेला घुमारा मऊ लागतो, असं काकांचं म्हणणं.

हे त्यांना कळलं दिवाडी बेटावरच्या अंकलमुळे. अंकल तरुणपणापासून मांडो-दुलपदाला घुमट वाजवत आले. आजही नार्व्याच्या फेरीने खाडी ओलांडून येतात आणि ओसरीवर ठरलेल्या खुर्चीत बसतात. तिसरे आबा, शामेळवाले. काका आणि आबा एकाच आरतीपथकातले, शिवाय वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात पारात (गायनपथकात) गायला बरोबर जायचे. 1899 च्या प्लेगच्या साथीत सुरू झालेला तो सप्ताह. तिथे रात्र-रात्र शेजारी बसून जे जमलं ते अजून सुटलेलं नाही. एकाने "हूं" म्हटलं की दुसऱ्याला पुढचं कळतं.

या तिघांची मैत्री माझ्या खरेदीत कुठे आली? सगळ्यात आधी तिथेच. काकांनी माझं पहिलं घुमट वाजवून पाहिलं. मला ते छान वाटलं, मी पैसे काढले. आबांनी कानाला हात लावून मान हलवली. हल्ली त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून घुमटाच्या पोटावर तळवा टेकवून त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं. "कडेक सैल आसा." मग अंकलनी वाजवलं, तेही तेच म्हणाले. काकांनी चकार शब्द न काढता सुतळी सोडली, कातडं पुन्हा भिजवलं आणि मला म्हणाले, "आयज न्हय, फाल्यां व्हर." आज नाही, उद्या ने. गिऱ्हाइकासमोर मित्राने आपल्या कामात खोट काढली तरी त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. एरवी इतक्या वर्षांच्या ओळखीत सांभाळून घेणंच जास्त दिसतं. इथे तिघेही एकमेकांना काही सोडत नाहीत, आणि ते घुमट आज ऐकलं की त्यांचं बरोबर होतं हे पटतं.

घेणाऱ्यांनी कातड्याबद्दल एवढं समजून असावं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणं गुन्हा आहे. कुणी दबक्या आवाजात "ते मिळेल का?" विचारलं तर काका सरळ दार दाखवतात, माझ्यासमोरच एकाला परत पाठवलं. ते बकऱ्याचंच कातडं वापरतात. ते पावसाळी हवेत सैल पडतं आणि चतुर्थी नेमकी पावसात येते. म्हणून मुलांना त्यांनी नीट शिकवलं: वाजवण्याआधी ऊन असेल तर उन्हात, नाहीतर निखाऱ्यापासून लांब धरून शेकायचं, घाईने जवळ नेलं तर कातडं फाटतं. आबांनी त्या बारक्या पोरांना शामेळाच्या काठ्या हातात कशा सैल धरायच्या तेही दाखवलं. त्याचे पैसे कुणी मागितले नाहीत.

2019 मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं गेलं. फार चांगलं झालं. पण रंगवून शोकेसमध्ये ठेवायची घुमटंही त्यामुळे बाजारात दिसू लागली आहेत. मागे एका जत्रेतल्या स्टॉलवरून आम्ही तसलं घेतलं होतं. पहिल्याच आरतीला ते मुकं झालं. या ओसरीवर रंगवलेलं एकही नाही.

घुमटामागे बाराशे रुपये पडले, शामेळाच्या कातड्याचे वेगळे. घासाघीस करू नका, मेहनत डोळ्यांदेखत दिसते. उणं एकच: फोन उचलत नाहीत आणि सांगितलेली वेळ पाळली जाईलच असं नाही, कारण तिघांचं एकमत होईपर्यंत वाद्य दुकानाबाहेर पडत नाही. श्रावण लागायच्या आत ऑर्डर द्या. चतुर्थीच्या आधल्या आठवड्यात गेलात तर काका नवीन काम घेणार नाहीत, फक्त सैल झालेली दुरुस्त करून देतील.

मांडोसाठी घुमट हवं असेल तर रविवारी जा. चर्चमधली मिसा (प्रार्थना) आटोपून अंकल साधारण अकराच्या सुमारास पोचतात आणि जेवणाच्या वेळेला फेरीने परततात, त्या दोन तासांतच ते वाजवून बघतात.