बॉल पायथॉनसाठी एसटीसी-१००० थर्मोस्टॅट, गोव्याच्या हवेत कसा चालतो

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येतंच.

फोंड्याला राहतो, घरी बॉल पायथॉनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या एका सापाचं, पिल्लू आलंय आणि ते प्लास्टिकच्या टबात ठेवलंय. काचेची मोठी टाकी, प्लास्टिकच्या वेली, रंगीत दिवे ह्यात पैसे घालायचेच नाहीत आणि पहिला खर्च थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या डब्याचा, करायचा हे आधीच पक्कं होतं. कारण हीट मॅट, म्हणजे टबाखाली घालायची विजेवर तापणारी चटई, नुसती प्लगला लावून दिली तर तिला थांबायचं कळत नाही, तापतच राहते. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी तशीच ३३ डिग्री असते, त्यावर मॅट चालू राहिली तर टबाचा तळ ४५ च्या वर जाऊ शकतो आणि हा प्राणी चटका बसला म्हणून उठून बाजूला जाईलच असं नाही हो, तिथेच वेटोळं घालून बसतो आणि पोट भाजून घेतो. पोटाचे खवले लाल होऊन सोलवटलेल्या सापांचे फोटो बघितलेत मी, डोळ्यासमोरून जात नाहीत.

आता लोक म्हणतात गोव्यात एवढं उकडतं, तुम्हाला हीटिंग कशाला. अर्धं बरोबर आहे. पण ह्याला टबाची एक बाजू ३१ ते ३३ आणि दुसरी २५ ते २७ लागते, म्हणजे त्याला हवं तसं तो इकडून तिकडे सरकतो. जानेवारीत पहाटे आमच्याकडे पारा २० च्या आसपास येतो, आषाढात झड लागली की दिवसभर खोली २५-२६ वरच अडकते, आणि गरम बाजू नसेल तर खाल्लेलं पचत नाही, ओकून टाकतो. त्यात थंडी आणि ओल एकत्र आली की श्वासाचं दुखणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, मग डॉक्टर. आणि सापावर इलाज करणारा डॉक्टर प्रत्येक गावात बसलेला नसतो. म्हणून मॅट लागतेच, पण कधी चालू आणि कधी बंद हे हवेवर ठरतं आणि ते ठरवायचं काम ह्या डब्याचं.

तर वस्तूबद्दल. एसटीसी-१००० हा कुठल्या एकाच कंपनीचा नाही, बरेच जण सारखाच काळा पॅनेल बनवतात, पुढे लाल आकडे, मागे स्क्रूवाले टर्मिनल, आणि एक लांब वायरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक. मला साडेचारशेच्या आसपास पडला. घेताना २२० व्होल्टचाच आहे ना ते बघून घ्या, १२ आणि २४ वाले पण मिळतात. आणि हे प्लग लावलं की चालू असलं यंत्र नाही, मागचे टर्मिनल उघडे असतात आणि त्यात चालू करंट असतो, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून प्लास्टिकच्या बोर्ड बॉक्समध्ये बसवून बाहेर सॉकेट काढून घेतला. आमच्या इथला माणूस पाणी तापवायच्या कामात मुरलेला, त्याने वायरिंग बघितलं आणि तासाभरात करून दिलं, वर विचारलं बाब हे कसल्या फ्रिजला. सापाला म्हटल्यावर चहा घ्यायला थांबला नाही.

सेटिंग चारच. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे किती फरक पडला की परत चालू व्हायचं, एफ३ कंप्रेसरसाठीचा वेळ, आपल्याला त्याचं काम नाही, आणि एफ४ मध्ये प्रोब चुकीचं दाखवत असेल तर दुरुस्त करायचं. मी एफ२ अर्ध्यावरून १ वर नेलाय, नाहीतर रात्रभर रिले, म्हणजे आतला चालू-बंद करणारा स्विच, टिक टिक करत बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रोब कुठे लावायचा. टबाच्या आत मोकळा सोडायचा नाही. साप त्याला ढकलतो, प्रोब थंड बाजूला गेला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गार आहे आणि तो मॅट तापवतच राहतो. भुशीवर मूत्र पडून प्रोब भिजला तरी तेच, आकडा खोटा. म्हणून मॅट आणि टबाचा तळ ह्यांच्या मध्ये प्रोब, वर टेप, आणि मग आतल्या तळाचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजायचं. प्लास्टिकमधून दोन-तीन डिग्री कमी पोचतात, माझ्याकडे प्रोबला ३५ ठेवल्यावर आत बरोबर ३२ येतं. तुमच्या टबाला वेगळं येईल, मोजा आणि ठरवा, माझा आकडा उचलू नका.

आवडलेली गोष्ट म्हणजे लाईट गेली आणि आली तरी सेटिंग जात नाही. पावसात आमच्याकडे लाईट जातेच, आणि दर वेळी उठून परत आकडे घालत बसायला कोणाला वेळ आहे. प्रोबची वायर तुटली तर ईई दाखवतो आणि बीप करतो, हेही चांगलं.

अर्धा मार्क गेला तो रिलेसाठी. हा साधा चालू-बंद प्रकार आहे, रिले चालूमध्येच चिकटून बसला तर मॅट थांबणार नाही आणि ह्याला ते कळणारही नाही. म्हणून आत एक वेगळा थर्मामीटर ठेवा, भले स्वस्तातला डिजिटल असो. बल्बला लावायला पण हा बरोबर नाही, बल्ब सारखा पेटतो विझतो. कूलिंगच्या दुसऱ्या टर्मिनलला पंखा लावा असं काही जण सांगतात, मी तो रिकामा ठेवलाय, कारण मेमध्ये खोलीच ३४ असताना पंखा ३४ चीच हवा फिरवणार. थंड बाजू उतरवायची असेल तर टब खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत नेऊन ठेवणं जास्त उपयोगाचं.

दमटपणा हा थर्मोस्टॅट मोजत नाही, त्याला वेगळा हायग्रोमीटर. ५५ ते ७५ टक्के हवं, जुलैमध्ये बाहेर ९० असतं, तेव्हा टबाला जास्त भोकं पाडा आणि नारळाच्या सोडणाची भुशी कोरडी करूनच घाला, बुरशी लवकर धरते. कात टाकायच्या आधी डोळे निळसर होतात तेव्हा जरा ओलसर ठेवला की पुरे.

दोन गोष्टी थर्मोस्टॅटच्या बाहेरच्या, पण लिहायलाच हव्यात. नवीन आणल्यावर पहिला आठवडा हातात घेऊ नका, तापमान नीट आहे आणि लपायला दोन अरुंद घरटी आहेत एवढं बघा, खाल्ल्यावर दोन दिवस तसंच सोडा. खात नाही म्हणून घाबरू नका, पण वजन उतरत असेल तर तपासा. आणि कागद. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, सायटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, त्यामुळे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा काही लागत नाही म्हणाला तर तिथून घेऊ नका. आपला अजगर वेगळा, तो अनुसूची १ मधला, १९७२ च्या ह्याच वन्यजीव कायद्याने पाळताच येत नाही, शेजाऱ्यांना पण हेच सांगा नाहीतर ते वन खात्याला फोन करतील.

वायरिंगची भीती असेल तर सॉकेटसकट येणारा रेडीमेड थर्मोस्टॅट घ्या, तिप्पट-चौपट पैसे पडतील पण चालेल. मी मात्र दुसरा एसटीसी आणून बोर्ड बॉक्समध्ये बसवून तयार ठेवलाय, पहिला बिघडला तर बदलायला पाच मिनिटं लागतील.