पॅक पावडर (३० टक्के ॲल्युमिना): तुरटीला पर्याय म्हणून कितपत उपयोगी?

गढूळ पाणी निवळायला तुरटीऐवजी पॅक, म्हणजे पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड वापरावं का, या प्रश्नाचं उत्तर पोत्यावरच असतं, पण अर्धंच. ‘ॲल्युमिना ३० टक्के’ (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड; मालात कामाचं ॲल्युमिनियम किती याचं माप) ठळक अक्षरांत असतं आणि ‘बेसिसिटी’ कुठेतरी कोपऱ्यात, किंवा नसतेच. पॅकसाठी जादा पैसे मोजायचे ते खरं तर या दुसऱ्या आकड्यासाठी.

आधी पहिला आकडा. साध्या पोटॅश तुरटीत १२ रेणू पाणी अडकलेलं असतं, त्यामुळे तिच्यात ॲल्युमिना जेमतेम १०.७ टक्के भरतं. फिल्टर ॲलममध्ये (म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट; पुढे नुसतं ‘ॲलम’ म्हटलंय ते हेच) ते साधारण १७ टक्के. म्हणजे नुसत्या ॲल्युमिन्याच्या हिशेबाने १ किलो पॅक म्हणजे पावणेदोन किलो फिल्टर ॲलम किंवा २.८ किलो तुरटी. भावाची तुलना करायची तर किलो पोत्याची नको, किलो ॲल्युमिन्याची करा. पुष्कळदा तिथेच पॅकचा महागडेपणा बराच कमी होतो.

आता बेसिसिटी. ॲलम पाण्यात पडलं की ॲल्युमिनियम पाण्यातले हायड्रॉक्साइड ओढून घेतं, त्यात आम्ल सुटतं आणि ते पाण्याची क्षारता (आम्ल पचवण्याची ताकद) खातं: दर मिलिग्रॅम फिल्टर ॲलममागे अर्धा मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात). पॅकमध्ये हे काम कारखान्यातच बरंचसं उरकलेलं असतं. बेसिसिटी ७० टक्के म्हणजे लागणाऱ्या हायड्रॉक्साइडपैकी ७० टक्के आधीच जोडलेले. पाण्यातून घ्यायचे उरतात ३० टक्के. तेवढंच ॲल्युमिनियम घालूनही क्षारता एक तृतीयांशाहून कमी खर्च होते. पावसाळी, मऊ पाण्यात ॲलम घातल्यावर सामू (पीएच) ५.५ च्या खाली घसरू शकतो, फ्लॉक (गाळाचे एकत्र आलेले पुंजके) धरत नाही आणि मग चुना घालत बसावं लागतं. तिथे पॅक निर्विवाद सरस. बेसिसिटी ४० टक्क्यांची असेल तर मात्र हा फायदा बराच आटतो. विक्रेता आकडा सांगत नसेल तर माल घेऊ नये, इतकं सरळ आहे.

पांढरी आणि पिवळी अशा दोन जाती मिळतात. पिवळेपणा मुख्यतः लोहाचा. एका ग्लासात १०० मिली पाण्यात १ ग्रॅम विरघळवून अर्धा तास ठेवा. चांगली पांढरी पावडर जवळजवळ पारदर्शक होते, फार तर किंचित दुधी झाक राहते. हलक्या पिवळ्या मालात तळाशी तपकिरी चिखल बसतो, आणि डोसिंग पंपाच्या (ठरलेली मात्रा पाण्यात सोडणाऱ्या पंपाच्या) व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो तो हाच. पिण्याच्या पाण्याला पांढरी, पिण्याच्या वापरासाठी प्रमाणित केलेलीच घ्यावी. पिवळी सांडपाण्याला ठीक.

विरघळवताना पाणी ढवळत ठेवून त्यात पावडर थोडी थोडी सोडा. उलट केलंत, तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडे गोळे होतात, ते तासभर फुटत नाहीत. डोसिंगसाठी ५ ते १० टक्क्यांचं द्रावण ठेवावं. त्याहून फार पातळ करून साठवलं, तर पॅक टाकीतच साकळायला लागतं आणि नळ्यांत थर धरतो.

मात्रा अंदाजाने ठरवू नका, जार टेस्ट करा. १० ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात (हे द्रावण त्याच दिवशी संपवायचं). याचा १ मिली १ लिटर नमुन्यात म्हणजे १० मिलिग्रॅम मात्रा. सहा बीकरांत ५, १०, १५, २०, ३०, ४० मिलिग्रॅम घाला. १ मिनिट जोरात ढवळा, मिनिटाला साधारण १२० फेऱ्यांनी. मग १५ ते २० मिनिटं ३० फेऱ्यांनी. मग अर्धा तास स्थिर. चांगल्या बीकरात हळू ढवळताना काही मिनिटांतच टाचणीच्या डोक्याएवढे कण दिसतात आणि मधलं पाणी काळपट-स्वच्छ होतं. जास्त मात्रेच्या बीकरात पाणी पुन्हा धुरकट दिसलं, तर गाळाच्या कणांवर उलटा, धन प्रभार चढला आहे. ते पुन्हा एकमेकांना ढकलतात. गडबड होते ती इथेच: टाकीत पाणी धुरकट दिसलं की हात आणखी पावडरीकडे जातो. आधी मात्रा कमी करून बघा. लिटरमागे १५ मिलिग्रॅमने १००० लिटरला फक्त १५ ग्रॅम लागते, तेव्हा चमचा नको, काटा वापरा.

पॅक ‘सामू ५ ते ९ मध्ये चालते’ हा विक्रेत्यांचा दावा अर्धाच खरा आहे. गाळ बसेल, पण ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सगळ्यात कमी विरघळतं ते सामू ६ ते ६.५ च्या आसपास. ८ च्या वर ते ॲल्युमिनेट होऊन पाण्यात राहतं, डोळ्यांना दिसत नाही, फिल्टरमधून आरपार जातं आणि पुढे सामू उतरला की पाइपमध्ये पांढरा साका बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट चालवलेल्या मोठ्या केंद्रात उरलेलं ॲल्युमिनियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम किंवा कमी, लहान केंद्रात ०.२ पर्यंत ठेवणं जमण्यासारखं आहे. निवळ दिसतंय यावर थांबू नका, ते मोजा.

ॲलम कुठे पुरतं? क्षारता भरपूर असेल, पाणी फार थंड नसेल आणि झपाट्याने ढवळण्याची सोय असेल तिथे. पानापाचोळ्याचा तपकिरी रंग काढायचा असेल तर सामू थोडा उतरणं उलट फायद्याचं, आणि ते ॲलम फुकटात करून देतं. तिथे पॅकचा हट्ट धरू नये.

साठवणीत ही पावडर हट्टी आहे. हवेतली ओल ओढून पोतं दगड होतं. उघडलं की घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात ओता. द्रावण आम्लधर्मी आणि क्लोराइडयुक्त, त्यामुळे गॅल्व्हनाइज्ड पत्रा नाही, ॲल्युमिनियमचं भांडं नाही, ३०४ स्टेनलेससुद्धा नाही, त्याला बारीक खड्डे पडतात. ॲलमच्याच टाकीत आणि नळीत पॅक घालू नका; सल्फेटशी गाठ पडली की जेलीसारखा साका होऊन लाइन बंद पडते. बदल करताना टाकी, पंप, नळी तिन्ही साध्या पाण्याने धुऊन घ्या. हायपोक्लोराइटचं (जंतू मारायला वापरतात त्या क्लोरीनचं) द्रावण तर याच्या जवळपासही नको: दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पॅक जंतू मारत नाही, क्लोरीन लागतोच. पण तो पाणी निवळल्यावर, वेगळ्या टाकीतून आणि वेगळ्या नळीने.