होकायंत्र नसलेलं जीपीएस: वेल्समधल्या नाताळनंतरचं मत

माझ्या जीपीएसमध्ये ‘कंपास’ नावाचं पान आहे पण होकायंत्र नाही, त्यामुळे थांबलं की दिशा दाखवणारा बाण भरकटतो, अशी तक्रार मी केली होती. तिच्यावर विक्रेत्याच्या ग्राहकसेवेचं शेवटचं उत्तर काल आलं, म्हणून हे लिहायला बसले. उत्तराचा सारांश असा: तुम्ही म्हणता तो दोष नाही, या मॉडेलची रचनाच तशी आहे, बाण बरोबर दिसावा म्हणून कृपया सरळ रेषेत चालत राहा.

सरळ रेषेत! हे लिहिणाऱ्याने वेल्समधला डोंगर डिसेंबरात पाहिलेला नसावा. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला ओढा, मधे मेंढरांनी तुडवलेला चिखल, आणि मी सरळ रेषेत चालायचं.

स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, इथे पुन्हा लिहीत नाही. हातात धरायच्या जीपीएसमधलं एका कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल, काळापांढरा पडदा, बटणं, दोन पेन्सिल सेल. ऑक्टोबरात घेतलं, शंभर पौंडांच्या आत. याच्या वरचं मॉडेल जवळपास दुप्पट किमतीचं, आणि माझ्या दृष्टीने फरक एवढाच की त्यात चुंबकीय होकायंत्र आहे. मी म्हटलं, होकायंत्रासाठी एवढे पैसे कोण देतं? शिवाय या स्वस्त मॉडेलच्या मेन्यूतही ‘कंपास’ नावाचं पान आहेच की. गोल तबकडी, उत्तर-दक्षिण, मधे मोठा बाण. सगळं चित्र आहे. फक्त होकायंत्र नाही.

ज्यांना जिओकॅशिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी डबी लपवतो (तिला कॅश म्हणतात), तिचे अक्षांश-रेखांश खेळाच्या साइटवर टाकतो, आपण जाऊन ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तशी परत ठेवायची. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एका गृहस्थाने पहिली बादली लपवली. त्याआधी चूक शंभर मीटरच्या घरात असायची, म्हणजे हा खेळ शक्यच नव्हता. आता उघड्या आकाशाखाली तीन-चार मीटर. या यंत्रातही तेवढीच येते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बाणाबद्दल आहे.

होतं काय, की यंत्राला आपण कुठे आहोत हे कळतं, पण आपलं तोंड कुठे आहे हे कळत नाही. ते आधीची जागा आणि आताची जागा बघतं आणि त्यावरून ठरवतं की बाई या दिशेला निघाल्या आहेत. चालत असताना हे उत्तम चालतं. पण थांबलात की त्याचा आधार सुटतो. बाण जिथे होता तिथेच गोठतो, किंवा मनात येईल तसा फिरतो. आणि जिओकॅशिंगमध्ये माणूस नेमका कुठे थांबतो? डबीपासून सात-आठ मीटरवर. म्हणजे जिथे बाण लागतो, तिथेच तो मान टाकतो.

आम्ही ब्रिस्टलला राहतो. नाताळच्या सुट्टीत टॅलिबॉन्टजवळ, अस्क नदीच्या खोऱ्यात एक कॉटेज घेतलं होतं. नवरा, मुलगी आणि नाशिकहून आलेले भाऊजी. वेल्सला नेणारा सेव्हर्नवरचा पूल ओलांडताना भाऊजींना सांगितलं की 2018 च्या डिसेंबरपर्यंत इथे टोल होता, आणि तोही फक्त वेल्समध्ये शिरताना, परत येताना फुकट. त्यावर भाऊजी म्हणाले, "म्हणजे बाहेर पडायचे पैसे घेत नव्हते, चांगली माणसं आहेत." तो टोल असता तर ही सहल सरळ बाथच्या कालव्यावर झाली असती, हे मी मोकळेपणाने सांगते.

पहिल्या दिवशी मॉन्मथशर अँड ब्रेकन कालव्यावर गेलो, आणि त्या संध्याकाळी हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे दिले असते. कालव्याच्या काठची पायवाट सपाट, घोडे नावा ओढायचे त्या काळातली, दिशा ठरलेली, माणूस आपोआप चालत राहतो. बाण शहाण्यासारखा वागला. दगडी पुलांवर क्रमांकाच्या पाट्या आहेत, त्यामुळे आपण कुठे आहोत ते यंत्राला विचारावंही लागत नाही. लानगनिडरला लागोपाठ पाच लॉक आहेत, म्हणजे नावा वर-खाली नेण्यासाठी दारं लावून पाणी अडवायच्या जागा, तिथे मुलगी दारांवर चढायला बघत होती आणि भाऊजी तिला "अगं पडशील" म्हणत मागे पळत होते. दोन कॅशमध्ये किमान 161 मीटर अंतर हवं असा नियम आहे, त्यामुळे अशा वाटेवर ठरावीक अंतराने काहीतरी सापडत राहतं आणि मुलं कंटाळत नाहीत. बहुतेक सगळ्या जुन्या फिल्मच्या डब्या. आतले कागद भिजून लगदा झालेले. बॉलपेन अशा कागदावर उमटत नाही, पेन्सिल न्या.

मग टॉर अ वॉइल. उंची 551 मीटर, फार नाही, पण वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती. वर पोचेपर्यंत नवऱ्याचा फोन तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडला. थंडीत लिथियम बॅटरीचं हे नेहमीचं आहे. माझा फोन चालू होता, पण ओल्या बोटांना पडदा दाद देईना. इथे या यंत्राची बटणं कामाला आली. लोकरी हातमोजे घालूनसुद्धा दाबता येतात. त्यासाठी पूर्ण एक तारा.

पण वरती, उतारावर, बाण. डबी दहा मीटरवर म्हणतोय. मी थांबले, बाण डावीकडे गेला. डावीकडे दोन पावलं टाकली, तो मागे गेला. तेव्हा आमच्या घराची पद्धत ठरली: यंत्र ज्याच्या हातात त्याने पंधरा-वीस पावलं मागे जायचं आणि ठासून परत चालत यायचं, मग बाण जागा होतो. बॉक्सिंग डेला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ही पद्धत वापरून बघा. त्या दिवशी अर्धं वेल्स कुत्री घेऊन फिरायला निघालेलं असतं. एक बाई तरातरा पुढे जाते, वळते, परत येते, वळते, आणि हातातल्या डबड्याकडे बघून पुटपुटते. दोन वेगवेगळ्या आजोबांनी मला काही हरवलंय का असं विचारलं. खेळाच्या नियमाप्रमाणे मगलांना, म्हणजे खेळात नसलेल्यांना, पत्ता लागू द्यायचा नसतो. हा बाण घेऊन ते जमणं अशक्य आहे.

जंगलात आणखी कठीण. टॅलिबॉन्टच्या तलावावरच्या उतारांवर सिटका स्प्रूसची लागवड आहे, बारा महिने हिरवी, दाट, काळोखी. सिग्नल घसरतो, चूक दहा-बारा मीटरवर जाते, वर हिंट काय तर ‘झाडाच्या बुंध्याशी’. अहो, कुठल्या? खाली ओकच्या रानात मात्र पानगळ झालेली असते, आकाश मोकळं, तिथे यंत्र छान चालतं. आयव्हीने वेढलेलं झाड हा इथल्या लपवणाऱ्यांचा आवडता अड्डा. डिसेंबरात बाकी सगळं बोडकं आणि आयव्ही तेवढी हिरवी, त्यामुळे बाणाकडे न बघता सरळ त्या झाडाकडे जावं. मोडक्या दगडी गडग्यात मात्र हात घालू नका. रचलेल्या दगडी भिंतींत लपवायचं नाही असा इथल्या संघटनेचा नियमच आहे, त्यामुळे तिथे काही असणार नाही आणि शेतकरी ओरडेल तो वेगळा.

स्गूड अर एइरा या धबधब्याच्या घळीत तर यंत्राने हात टेकले. दोन्हीकडे कडे, वर आकाशाची पट्टी, सिग्नल खडकांवर आपटून येतो. आकडे तीस मीटर इकडे, तीस मीटर तिकडे उड्या मारत होते. तिथे आम्ही शोधणं सोडून धबधब्यामागून जाणाऱ्या वाटेने चालत गेलो, पाणी भरपूर होतं, सगळे भिजलो, मुलगी खूश.

आता जे मत बदललं ते. पंचवीसच्या सकाळी सगळे झोपलेले असताना मी आणि भाऊजी कॉटेजमागच्या शेतवाटेने निघालो. भाऊजींनी आकडे स्वतः घातले, आणि यंत्र म्हणालं कॅश साडेचारशे किलोमीटरवर आहे. त्यांनी रेखांशाला पश्चिमऐवजी पूर्व लावला होता. नाशिकात जन्मलेल्या माणसाला रेखांश पूर्वच असतो, त्यांचं काय चुकलं? आम्हाला हॉलंडसमोरच्या समुद्रात जायचं नव्हतं म्हणून दुरुस्त केलं. वाटेत लोखंडी फाटकं. माझ्या फोनची दिशा प्रत्येक फाटकाशी भरकटत होती, कारण फोनमध्ये खरंखुरं चुंबकीय होकायंत्र असतं आणि त्याला लोखंड भुलवतं. या यंत्राला लोखंडाचं काही सोयरसुतक नाही. नाहीच ना त्याच्यात ते. चालत राहिलं की फाटक असो, गुरांसाठी रस्त्यात घातलेली लोखंडी जाळी असो, बाण जागचा हलत नव्हता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गरिबाला चोराची भीती नाही, तसं आहे हे." त्या सकाळपुरती माझी तक्रार मागे घेतली.

आणि सेल. पंचवीस तारखेला इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठी दुकानं उघडायला कायद्याने बंदी आहे, 2004 पासून. 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान बंद म्हणजे बंद. ट्रेन नाही, बस नाही. आदल्या दिवशी चार्ज केलेले जादा सेल जवळ होते म्हणून चाललं. चार्ज होणारे सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदला, कारण त्यांचं व्होल्टेज कमी असतं आणि न बदलल्यास यंत्र अर्ध्यावरच ‘बॅटरी संपली’ म्हणून रडतं. नव्या सेलवर वीसेक तास हा दावा मला थंडीतही फारसा खोटा वाटला नाही. इथे सूर्य त्या दिवसांत चारलाच मावळतो, त्यामुळे एका दिवसात तेवढे तास वापरणारच कोण?

जानेवारीत परतल्यावर विक्रेत्याला लिहिलं. मुद्दा साधा: पानाचं नाव कंपास, चित्र कंपासचं, आणि आत कंपास नाही. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू वर्णनाशी जुळायला हवी. तीस दिवसांत परत करायचा हक्क संपलेला होता, हे मला ठाऊक होतं, पण त्यानंतरही दुरुस्ती किंवा बदली मागता येते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष आधीपासून नव्हता हे त्यांनी सिद्ध करायचं असतं. त्यांनी आधी मला माहितीपुस्तिका पाठवली. मग दुसऱ्या माणसाने तीच माहितीपुस्तिका पाठवली. मग वरचं मॉडेल दहा टक्के सवलतीत घ्या असं सुचवलं. मी विचारलं, ज्या गोष्टीचं चित्र मला आधीच विकलंय, ती गोष्ट मी पुन्हा विकत घ्यायची? त्याला उत्तर आलं नाही. शेवटी कालचं सरळ रेषेचं पत्र, आणि सोबत पाच पौंडांचं कूपन, किमान तीस पौंडांच्या खरेदीवर. नवरा म्हणतो पाच पौंडांसाठी चार महिने भांडलीस. प्रश्न पाच पौंडांचा नाही, असं मी म्हणणार होते, पण थोडा आहे.

मधल्या काळात उपाय मीच शोधला. यंत्र थांबलेलं असतानाही कॅश कोणत्या अंशावर आहे तो आकडा ते बरोबर सांगतं, कारण तो फक्त दोन जागांवरून निघतो, त्याला तुमचं तोंड कुठे आहे याच्याशी घेणंदेणं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ‘बेअरिंग’ची चौकट पडद्यावर आणा. मग साधं प्लास्टिकचं होकायंत्र घ्या, शाळेच्या सहलीला देतात तसलं, आणि तो अंश त्यावर लावा. वेल्समध्ये सध्या चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळजवळ फरक नाही, त्यामुळे गणितही करावं लागत नाही. होकायंत्र डबीच्या दिशेला, दृष्टी जमिनीवर, पाय जागच्या जागी. फेऱ्या मारणं बंद. माझं मुलीच्या खेळण्यांतून निघालं, म्हणजे खर्च शून्य.

एप्रिल-मेमध्ये पुन्हा दोनदा जाऊन आलो. पानं फुटल्यावर ओकच्या रानातला सिग्नल डिसेंबरपेक्षा वाईट झालाय. यूएसबीवरची रबरी झाकणी एका बाजूने सैल झालीये, अजून पाणी शिरलेलं नाही. साइटची वर्षाची वर्गणी भरली असेल तर एका फाइलमध्ये हजारापर्यंत कॅश घरूनच यंत्रात भरता येतात, हिंटसकट, आणि खोऱ्यात मोबाइलची रेंज नसते तिथे याची किंमत कळते. वर्गणी भरायची नसेल तर हे यंत्र घेऊ नका, हातानेच आकडे घालत बसाल आणि भाऊजींसारखे समुद्रात जाल.

साडेतीन तारे. नवीन घेऊ नका, जुनं चाळीसेक पौंडांत मिळालं तर घ्या, आणि झाकणी तपासून घ्या. दुप्पट पैसे देऊन वरचं मॉडेल घ्यायचं का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही. कूपन जूनअखेर संपतंय, कुणाला तिथून तीस पौंडांचं काही घ्यायचं असेल तर कळवा.