‘ताई, अगदी तुमच्यासारखाच सेट आहे’ : जुन्या व्हिडिओ गेमच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुना व्हिडिओ गेम, कॅसेटी, रिमोट, बंदूक असं काही ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेसात हजार रुपये गेले. सेट बनावट निघाला हे तर आहेच. पण आपल्या लहानपणाची आठवण आपल्याच तोंडून काढून घ्यायची, तीच सजवून आपल्याला विकायची, ही त्या माणसाची पद्धत होती. ती कळावी म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमचं घर सांगलीत गावभागात. मी चौथी-पाचवीत असताना वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून ‘मीडिया’ कंपनीचा व्हिडिओ गेम आणला होता. दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळ्या रंगाच्या दोन कॅसेटी. टीव्हीच्या मागं अँटेनाच्या जागी वायर लावायची आणि मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत चॅनेल फिरवत बसायचं. मारिओ, काँट्रा, टँक, बदकं हे सगळ्यांचेच लाडके. मे महिन्याच्या सुट्टीत वाड्यातली पोरं नंबर लावून बसायची. माझा जीव मात्र ‘सर्कस चार्ली’वर. सिंहावर बसलेला विदूषक आगीच्या रिंगणांतून उड्या मारत जातो तो गेम. आजोबा दुपारची झोप सोडून तो बघायला यायचे आणि म्हणायचे, ‘ही आपल्या छत्र्यांची सर्कस!’ भारतातली पहिली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे, हे शाळेत शिकवायच्या आधी मला त्या गेममुळं कळलं.

तो सेट २०१९ च्या महापुरात गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा खालच्या कपाटात चिखलाशिवाय काही उरलं नव्हतं. धान्य, कागदपत्रं, आईच्या साड्या यांच्या पुढं व्हिडिओ गेमचं दुःख कोण करणार? पण धाकट्या भावानं पुण्याहून फोनवर पहिल्यांदा विचारलं ते त्याच डब्याबद्दल. म्हणून त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तसाच सेट द्यायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. ‘नव्वदच्या काळातला ओरिजनल व्हिडिओ गेम, चालू स्थितीत, बंदुकीसह.’ मी मेसेज टाकला आणि लगेच फोन आला. बोलणं अस्सल आपल्याकडचं. ‘ताई, मी पण सांगलीचाच, शिकायला विश्रामबागेत होतो.’ मग त्यानं काँट्राचा तीस जीव मिळवायचा कोड घडाघडा म्हणून दाखवला : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ज्यानं लहानपणी तो खेळ खेळलाय त्याला हे ऐकून काय वाटतं ते मी सांगायला नको.

आता खरी मेख बघा. किंमत त्यानं बराच वेळ सांगितलीच नाही. तो विचारत राहिला. तुमचा सेट कसा होता? रंग कुठला? आवडता गेम कुठला? कुणाबरोबर खेळायचात? मी सर्कशीचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवीन फोटो आले आणि त्यात सर्कशीचं चित्र असलेली कॅसेट होती. मूळ जाहिरातीत ती नव्हती. ‘ताई, माळ्यावर शोधल्यावर सापडली. तुमच्या नशिबातच होती बघा.’ वर म्हणाला की हा साधा सेट नाही, थेट जपानचा ओरिजनल फॅमिकॉम (निन्टेंडो या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम) आहे, काकांनी बाहेरून आणलेला. किंमत साडेसात हजार, अर्धे आधी, अर्धे कुरिअरची पावती बघितल्यावर.

व्हिडिओ कॉलला ‘गावाकडं रेंज नाही’ हे उत्तर मिळालं आणि त्याऐवजी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आला. बंदुकीनं बदकं पडताहेत, कुत्रा बदक उचलून दाखवतोय. पैसे पाठवताना खात्यावरचं नाव त्यानं सांगितलेल्या नावाशी जुळलं. कुरिअरची पावतीही खरी होती आणि आठवड्याभरानं पार्सलही आलं.

पार्सल उघडलं त्या दिवशी माझा मावसभाऊ (मी त्याला दादा म्हणते) घरी होता. तो टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. त्यानं डबा हातात घेतला, हलवला आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. झाकण उघडल्यावर आत जवळजवळ सगळी पोकळीच. एका कोपऱ्यात काडेपेटीएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर डांबर सांडल्यासारखा एकच काळा ठिपका. वजन यावं म्हणून तळाला गंजलेली लोखंडी पट्टी गरम गोंदानं चिकटवलेली. तो गोंदही नवाकोरा, पांढरट. मग सर्कशीची कॅसेट. दादानं ओलं बोट लेबलवर फिरवलं आणि सिंहाचा पिवळा रंग त्याच्या बोटाला आला. घरच्या प्रिंटरवर छापून चिकटवलेला कागद होता तो. कॅसेट लावल्यावर गेमची लांबलचक यादी आली. चालवून बघितलं तर तेच मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. सर्कस त्यात नव्हतीच.

मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या लेबलचा. आजोबांची गोष्ट ऐकून कुणीतरी बसून ते चित्र शोधलं, छापलं, कापलं, चिकटवलं.

मावसभावानं त्या संध्याकाळी जे समजावून सांगितलं ते तुमच्या कामाचं आहे. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्याच्या पहिल्या मॉडेलचे दोन्ही रिमोट डब्याला कायमचे जोडलेले असतात, वायर काढता येत नाही. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नसतात, त्या जागी छोटा मायक्रोफोन असतो. टीव्हीला जोडायची पिवळी पिन त्या पहिल्या मॉडेलला नाही, ती १९९३ च्या सुधारित मॉडेलला आली. अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, कारण जपानमधली वीज १०० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो थेट लावला तर जळेल. मला आलेल्या डब्याला सुटे होणारे रिमोट होते, पिवळी पिन होती आणि वर २३० व्होल्टचा अडॅप्टर. म्हणजे तो पहिल्या मॉडेलचा जपानी फॅमिकॉम नव्हता, हे उघड होतं.

आपल्याकडं नव्वदच्या दशकात घरोघरी जे आलं ते बहुतेक सगळं या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही, आमचं बालपण त्याच नकलांवर गेलं आणि झकास गेलं. पण त्यामुळं पारख करताना एक गुंता होतो. काळा ठिपका (म्हणजे डांबरासारख्या थराखाली झाकलेली चिप) असलेली कॅसेट म्हणजे खोटी, असं सरसकट म्हणता येत नाही. आपल्या जुन्या कॅसेटींतही तसाच ठिपका असायचा. विकणारा ‘निन्टेंडोची ओरिजनल’ म्हणत असेल तर मात्र आत पाय असलेल्या, छापील क्रमांकाच्या चिप सहसा दिसतात. जुना देशी सेट म्हणत असेल तर प्लॅस्टिक पिवळं पडलेलं असतं, रिमोटची बटणं झिजलेली असतात, कॅसेटच्या सोनेरी दात्यांवर घासल्याच्या रेघा असतात. माझ्या डब्याचे स्क्रू चकचकीत होते.

आणि तो बदकांचा व्हिडिओ! दादानं तो एकदाच बघितला आणि म्हणाला, ‘हा टीव्ही चपटा आहे.’ त्या बंदुकीतून गोळी, किरण असं काही निघत नाही. उलट बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि नळीला तो उजेड दिसला तर नेम लागला. हा सगळा खेळ डोळा मिटायच्या आत होतो आणि तो जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी बेतलेला आहे. आजच्या एलसीडी, एलईडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळं ती जुनी बंदूक तिथं नेमच धरू शकत नाही. चपट्या टीव्हीवर जुन्या बंदुकीनं बदकं पडताना कुणी दाखवली, तर तो व्हिडिओ दुसऱ्याच कशाचा तरी आहे असं खुशाल समजा.

मी त्या माणसाला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. ‘ताई, चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पार्सल तुम्हाला आलं, माफ करा. आत्ता पैसे परत करतो.’ आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर आला. म्हणे स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, पैसे जमा होतील. मी पतसंस्थेत काम करते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करायला लागत नाही, हे मी रोज काउंटरवर म्हाताऱ्या माणसांना सांगते. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे येताना कधीच नाही. मी तसं बोलले आणि फोन कट झाला. नंतर त्या नंबरवरून माझा नंबर ब्लॉक. म्हणजे पहिल्या लुटीत राग आलेल्या माणसाला परताव्याचं गाजर दाखवून दुसऱ्यांदा लुटायचं, ही त्याची पुढची पायरी तयारच होती. तुमच्या घरात कुणी असं फसलं असेल तर त्यांना हे आधी सांगा, कारण ‘रिफंड’चा फोन हमखास येतो.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही केली आणि पोलिसांत अर्ज दिला. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांच्याकडून कळलं ते असं : अशी खाती पुष्कळदा भाड्यानं घेतलेली असतात, दुसऱ्याच कुणाच्या नावावर. म्हणून यूपीआयवर नाव जुळलं यावर विसंबू नका. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत गोठवता येण्याची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत पार्सल यायला आठवडा गेला होता आणि तोवर पैसे तिथून काढून घेतले होते. माझं स्पष्ट मत आहे की हे लोक काहीतरी पार्सल पाठवतात ते मुळी यासाठीच. वाट बघण्यात मोलाचा वेळ जातो आणि नंतर प्रकरण ‘वस्तू पसंत पडली नाही’ असं दाखवता येतं.

तक्रारीला जे लागलं ते सांगते. पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, जाहिरातीची लिंक, कुरिअरची पावती आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ. हा शेवटचा माझ्याकडं होता, कारण भावाला दाखवायला म्हणून माझी मुलगी शूटिंग करत होती. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा, ती नंतर गायब होते.

सेट हवाच असेल तर समोरासमोर घ्या, लावून बघून घ्या. मिरजेत, सांगलीत जुने टीव्ही दुरुस्त करणारे लोक अजून आहेत, त्यांच्या माळ्यावर अशा वस्तू पडून असतात आणि ते पाठीमागचे स्क्रू खोलून दाखवायला नाही म्हणत नाहीत. लांबचा विक्रेता असेल तर चालू व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगाल ती कॅसेट, तुम्ही सांगाल तेव्हा लावून दाखवायला सांगा. आणि तुमचा आवडता गेम कुठला हे त्याला सांगू नका. त्याच्याकडं काय आहे हे आधी त्याला बोलू द्या. फक्त खेळायचंच असेल तर काँट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीनं २०१९ मध्ये त्याचे जुने भाग एकत्र करून अधिकृतपणे काढलेत, ते कॉम्प्युटरवर रीतसर विकत मिळतात. भावाला मी शेवटी तेच दिलं.

त्या माणसाची जाहिरात परवा मला पुन्हा दिसली. नाव वेगळं, गाव आता कोल्हापूर. फोटो तोच आहे : निळ्या फुलाफुलांच्या चादरीवर पांढरा-लाल डबा, डाव्या हाताला काळी बंदूक, आणि मागं अर्धवट दिसणारा चपटा टीव्ही. मी ॲपवर ती जाहिरात रिपोर्ट केली आहे आणि पोलिसांनाही लिंक दिली आहे. हा फोटो तुम्हाला कुठल्याही नावानं, कुठल्याही गावाच्या पत्त्यावर दिसला, तर टोकन पाठवू नका. स्क्रीनशॉट काढा, जाहिरात रिपोर्ट करा, आणि पैसे आधीच गेले असतील तर पार्सलची वाट न बघता त्याच क्षणी १९३० ला फोन लावा.