तागाचं बियाणं: लेबलाची पिशवी, सवलतीचं की सुट्टं?

वळीव पडून गेला की निपाणी, चिकोडी, बेळगावच्या बाजारात तागाचं (बोरूचं) बियाणं तीन वाटांनी येतं. खतं-बियाण्यांच्या दुकानातली लेबल लावलेली पिशवी, कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातलं सवलतीचं बियाणं आणि आडतीतलं सुट्टं पोतं. हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे कोवळं पीक रानातच गाडायला, पैसे टाकायचे तर आमचं मत पिशवीला, पण लेबलावरची तारीख वाचून. सवलतीचं वेळेत हातात पडत असेल तर त्याहून उत्तम. सुट्टं घ्यायचंच असेल तर उगवण तपासल्याशिवाय रानात नेऊ नये.

सध्या मोबाईलवर हेंपच्या शेतीचं कौतुक चाललंय: फवारणी कमी, जमिनीला आराम, वर धागा मिळतो. पण ते भांगेचं पीक आहे. अमली पदार्थांवरच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यामुळं परवान्याशिवाय ते लावता येत नाही. उत्तराखंडनं 2018 मध्ये परवाने द्यायला सुरुवात केली, तीही टीएचसी (नशा आणणारा घटक) 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांनाच. तागाला असला कसलाच परवाना लागत नाही, शिवाय हेंपला जे जमत नाही ते ताग करतो. तो शेंगवर्गीय असल्यानं मुळावरच्या गाठींतून हवेतला नत्र धरतो. ऊस, खोडवा, परत ऊस अशा फेऱ्यात युरियावर जगणाऱ्या रानाला हेच हवंय.

पिशवी घेताना टॅगचा रंग बघा. निळा टॅग म्हणजे प्रमाणित, हिरवा म्हणजे सत्यदर्शक, अर्थात कंपनीनं स्वतःच्या हमीवर विकलेलं. इकडं तागात बहुतेक हिरवाच दिसतो, त्यात वावगं काही नाही. उगवण 80 टक्के किंवा जास्त छापलेली असावी आणि चाचणीला 9 महिने उलटलेले नसावेत. गेल्या हंगामातल्या उरलेल्या पिशव्या जूनमध्ये पुढं सरकवल्या जातात, तेव्हा तारखेवर बोट ठेवूनच पैसे द्यावेत. कोल्हापूरकडून आणलेल्या पिशवीवर मजकूर मराठीत असतो, इकडच्या पिशवीवर कन्नडमध्ये. आकडे सगळीकडं सारखेच, तेवढे वाचले तरी काम भागतं. पक्कं बिल घ्या, लॉट नंबर त्यावर लिहून घ्या. त्याशिवाय न उगवल्याची तक्रार कुणी ऐकत नाही.

रयत संपर्क केंद्रात फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) आणि आधार लागतं. ज्यांची रानं हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांनी इकडच्या आरटीसीवरच्या (सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावरच्या) क्षेत्राचाच हिशेब धरावा.

सुट्ट्याचा भाव कमी असतो, पण हिशेब उगवणीवर करायचा. 85 टक्के उगवणारं 25 किलो लागत असेल, तर 60 टक्केवाल्याचं 35 किलो लागतं. तपासणी सोपी आहे. न निवडता 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटात ओळीनं ठेवून गुंडाळा, सावलीत ठेवून ओल टिकवा आणि पाचव्या दिवशी मोड मोजा. तागाचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा, करडा-काळपट असतो. त्यात बारीक, लांबुळके, हिरवट-तपकिरी दाणे दिसले तर धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचंच दुसरं पीक, मिसळलाय.

पेरणी एकरी 20 ते 25 किलो. पातळ पेरलं की झाडं फांद्या फोडतात, खोड जाड होतं आणि पुढं गाडताना त्रास होतो. दाट पेरलेला ताग सरळ, कोवळा वाढतो. सोबत एकरी एक-दोन पोती सिंगल सुपर फॉस्फेट द्यावं, युरिया देऊ नये, नाहीतर गाठी धरत नाहीत. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम (मुळावर गाठी धरवणारं जिवाणू खत) गुळाच्या पाण्यातून चोळायचं. इथं एक घोळ हमखास होतो: दुकानदार सोयाबीनचं पाकीट हातात देतो. तागाला चवळी गटाचं लागतं. महिन्याभरानं एक रोप हळूच उपटून गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती गाठ आहे.

गाडायची वेळ 45 ते 50 दिवस, निम्म्या झाडांना पिवळं फूल दिसलं की लगेच. बियाण्याला नावं ठेवणारे बरेच जण खरं तर इथं चुकलेले असतात. साठ दिवसांच्या पुढं खोडात धागा पक्का होतो आणि रोटाव्हेटरच्या शाफ्टला असा गुंडाळतो की कोयत्यानं कापून काढावा लागतो. तो सीलमध्ये शिरला तर बेअरिंगही जातं. उशीर झालाच तर आधी उभं पीक कापून दोन-तीन दिवस सुकू द्या, मग नांगरानं पलटी मारा. रानात ओल नसेल तर ते कुजत नाही. पुढचं पीक दोन-तीन आठवड्यांनीच घ्या.

एकरी 8 टन हिरवा पाला गाडला तर त्यातून साधारण 34 किलो नत्र मिळतो, म्हणजे 45 किलोच्या दीड पोत्याहून थोड्या जास्त युरियाइतका. मात्र तो सगळा हवेतला नसतो, काही जमिनीतलाच परत येतो, आणि पहिल्याच पिकाला पूर्ण मिळत नाही. त्यामुळं पहिल्या वर्षी युरिया एका झटक्यात बंद करू नये.

आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसात पट्टा साडेचार-पाच फुटी असेल तर मधे तागाची एक ओळ टाकावी, एकरी 8 ते 10 किलो पुरतं. बाळबांधणीच्या, म्हणजे उसाला पहिली माती लावायच्या, सुमारास तो उपटून सरीत दाबायचा. जास्त दिवस ठेवला तर उसाच्या फुटव्यांवर सावली पडते आणि नुकसान तागाच्या फायद्याहून मोठं होतं. निपाणी भागात तंबाखूच्या आधी ताग घेतला तर मुळांवर रोगट गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवरही लगाम बसतो, हा वरचा फायदा.

पण खानापूरच्या पाणी तुंबणाऱ्या भातरानात ताग घालू नका, मुळं कुजतात. तिथं धैंचा. अथणी-रायबागकडं पाण्यानं खारवट, चोपण झालेल्या जमिनीतही धैंचाच. हे विचारून बियाणं देणारा दुकानदार भेटला तर दोन रुपये जास्त घेतले तरी त्याच्याकडंच जावं.

पानं खाणारी केसाळ अळी दिसली तर गाडायच्या पिकावर फवारणीचा खर्च करू नये, आठवडाभर आधी गाडून टाकावं. पेरून उरलेलं बियाणं जनावरांच्या आंबोणात घालू नये, तागाचं बी त्यांना विषारी ठरतं.