व्हर्निअर लावल्याने जॉब मापात येत नाही

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका ऑटिझमच्या ‘सेंटर’मध्ये गेल्या वर्षी माझे 50,500 रुपये गेले. 2,500 मुलाची नजर मोजायच्या टेस्टचे आणि 48,000 चाळीस सेशनचे, आगाऊ. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

लाज याची वाटते की मोजमाप हाच माझा धंदा. अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजतो. कॅलिब्रेशनचं, म्हणजे उपकरण बरोबर मोजतं हे तपासल्याचं, स्टिकर नसलेला मायक्रोमीटर मी हातात धरत नाही.

पोरगा पाच वर्षांचा. ऑटिझमचं निदान आधीच झालेलं, स्पीच थेरपी चालू होती. पण आईचं एकच पालुपद, “नातू माझ्या डोळ्यांत बघत नाही रे.” दुखरी जागा तीच, आणि सेंटरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात तेच: ‘नजर मिळाली की बोलणं येतं.’

टेस्ट म्हणजे अंधारी खोली, लॅपटॉप आणि स्क्रीनखाली एक काळी पट्टी. दहा मिनिटांत पोरगा स्क्रीनसमोर बसला असेल जेमतेम दीड मिनिट. बाकी वेळ टेबलाखाली, खुर्चीचं चाक फिरवत. तरी चार पानी रंगीत रिपोर्ट आला. एका बाईचा चेहरा, तोंडावर लालभडक डाग, डोळ्यांपाशी फिका निळा. लाल म्हणजे नजर जास्त टेकली, निळा म्हणजे कमी. “डोळ्यांवर लक्ष फक्त 11 टक्के. आपण 60 वर नेऊ,” सेंटरच्या मॅडम म्हणाल्या. “मशीनला अमेरिकेची मान्यता आहे, सर.”

यात निम्मं खरं होतं, म्हणून तर खपलं. आपली नजर चित्रावरून सरकत नाही, उड्या मारते, सेकंदाला साधारण तीन, आणि मध्ये मध्ये टेकते. आय ट्रॅकर (त्या काळ्या पट्टीसारखं नजर टिपणारं यंत्र) डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि बुबुळावरच्या चकाकीवरून नजर कुठे टेकली ते काढतो. 2002 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या क्लिन आणि जोन्स या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या तरुणांना सिनेमातले प्रसंग दाखवले, तेव्हा ते इतरांपेक्षा डोळ्यांकडे कमी आणि तोंडाकडे, वस्तूंकडे जास्त बघत होते. 2013 मध्ये याच दोघांनी दाखवलं की ज्या बाळांना पुढे ऑटिझमचं निदान झालं, त्यांचं डोळ्यांकडे बघणं दोन ते सहा महिन्यांच्या वयात कमी होत गेलं होतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) 2022 मध्ये अशा एका यंत्राला मान्यताही दिली, पण ती तेव्हा 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी होती आणि तज्ज्ञाला निदानात मदत म्हणून. उपचार म्हणून नव्हे. माझा मुलगा पाच वर्षांचा, निदान झालेला. त्याला ती टेस्ट कशासाठी, हे मी विचारलंच नाही.

सेशनमध्ये हनुवटी धरायची, बिस्किटाचा तुकडा स्वतःच्या डोळ्याजवळ न्यायचा आणि “लुक ॲट मी” म्हणायचं. पोरगा बिस्किटाकडे बघायला शिकला. चौदाव्या सेशनला तर पार्किंगमध्येच कोपराने तोंड झाकून बसला, गाडीवरून उतरेना. आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंना सांगितलं तर त्या चिडल्या. “तो खाली बघून ऐकतोय ना? मग ऐकू द्या की! बघायचं आणि ऐकायचं एकदम जमत नाही, असं ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः सांगतात.” खरंच होतं ते. हाच पोरगा, माझ्या चष्म्याचा तिळाएवढा स्क्रू ठिपक्यांच्या फरशीवर पडला तेव्हा मी गुडघ्यांवर रांगत होतो आणि याने येऊन सरळ उचलून दिला. गर्दीतून एखादी वेगळी गोष्ट हेरण्यात अशी मुलं अनेकदा इतरांपेक्षा वेगवान असतात, त्यावरही संशोधन झालंय.

भांडं फुटलं ते वेटिंगमध्ये. सिन्नरच्या एक ताई मुलीला घेऊन यायच्या. त्यांनी रिपोर्ट दाखवला आणि मला चेहरा ओळखीचा वाटला. ड्रॉइंग तपासताना करतो तसं केलं, दोन्ही पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. डागावर डाग बसला. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातलं ते पिवळं शेपूटसुद्धा. 11 टक्के तेच, फक्त नाव आणि वय वेगळं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. असा ट्रॅकर सहसा आधी त्या माणसाला स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे बघायला लावून जुळवून घ्यावा लागतो. तेच कॅलिब्रेशन. आमच्यापैकी कुणाच्याच मुलांना ठिपके दाखवले नव्हते. मॅडमना विचारलं तर म्हणे, “सॉफ्टवेअरचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सर.” पैसे परत मागितल्यावर पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं ‘रिफंड नाही’ दाखवलं. आणि समजा मशीन अस्सल असतं, तरी ते मोजतं. व्हर्निअर लावल्याने जॉब मापात येत नाही, हे मी रोज पोरांना शॉपमध्ये ऐकवतो.

कुठेही पैसे भरण्याआधी समोरच्याचा सीआरआर नंबर, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. इथल्या मॅडमनी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं, ते तीन दिवसांच्या कोर्सचं निघालं. सेशन चालू असताना आई-बापाला आत बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. चाळीस सेशनचे एकदम देऊ नका. आणि फसलाच असाल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या.

सिन्नरच्या ताईंनी आणि मी वेगवेगळ्या तक्रारी केल्यात, दोन्हींना दोन्ही रिपोर्ट जोडलेत. अजून कुणाकडे तसली पावती असेल तर फेकू नका. गुलाबी असते, शिक्का नसतो.