लातूरमधील एका रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग : एका प्रश्नाने वाचवलेला उजवा हात

शेतीची वीज रात्रीची असल्याने माझे चुलते अकरा वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला गेले आणि सकाळी सात वाजता औशाजवळच्या आमच्या शेतात, बांधावर पडलेले सापडले. तोंड एका बाजूला ओढले गेले होते, उजवा हात लुळा पडला होता; हा पक्षाघाताचा (स्ट्रोकचा) झटका होता. “अंगावरून वारं गेलं” म्हणत भावकीतील काहींनी झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे न्यायचा आग्रह धरला, पण आम्ही १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली आणि पावणेनऊला लातूर गाठले.

तिथल्या ड्युटीवरील डॉक्टर बाईंची तपासणी मी जवळून पाहिली. त्यांनी चुलत्यांना दात दाखवायला, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरून ठेवायला आणि एक साधे वाक्य म्हणायला सांगितले. रक्तातील साखर फार उतरली तरी अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून बोट टोचून तीही लगेच पाहिली. गिळता येते की नाही हे तपासेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही देऊ दिला नाही.

“हे कधी झालं?” यावर काकूंनी “सात वाजता” असे सांगितले, परंतु डॉक्टरांनी ते स्वीकारले नाही. सात ही सापडल्याची वेळ होती. त्यांना चुलते शेवटचे धडधाकट कधी होते हे हवे होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे त्या क्षणापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रात्रीचे अकरा धरले असते तर ती मुदत केव्हाच संपली होती. डॉक्टर मात्र तिथे थांबल्या नाहीत; रात्रीतून कोणी फोनवर बोलले होते का, असे त्यांनी विचारले. मोटार बंद पडल्याचे चुलत्यांनी माझ्या चुलतभावाला स्वच्छ शब्दांत कळवले होते, आणि त्याच्या मोबाइलवर त्या कॉलची वेळ ५.५० होती. मेंदूत रक्तस्राव नसल्याची सीटी स्कॅनने खात्री झाल्यावर साडेनऊच्या सुमारास इंजेक्शन दिले गेले.

तक्रारी दोन आहेत. अनामत रकमेसाठी स्कॅनचा कागद काउंटरवर दहा मिनिटे अडवला गेला. अशा रुग्णासाठी हे अक्षम्य आहे. पक्षाघाताच्या लक्षणांचा फलकही केवळ इंग्रजीत आहे. तो मराठीत लावावा आणि त्यात अचानक तोल जाणे व दिसेनासे होणे हीही लक्षणे घालावीत.

तीन आठवड्यांनंतर चुलत्यांचे बोलणे स्पष्ट झाले आहे. उजव्या हाताने ते भाकरी मोडतात, मात्र सदऱ्याची गुंडी अजून लागत नाही.